पाऊस सरल्यावरचे घर

हिवाळ्यासाठी घराची बाहेरची बाजू सिद्ध करणे, असे म्हटले की युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फ, दुहेरी काचांच्या खिडक्या आणि नळात गोठणारे पाणी उभे राहते. आपल्या भागात हिवाळा घराचे फारसे काही बिघडवीत नाही. जे बिघडवायचे ते पावसाळ्याने आधीच बिघडवून ठेवलेले असते. आश्विन-कार्तिकात आपण जे करतो, तो चार महिन्यांच्या नुकसानीचा हिशेब असतो. भिंत किती भिजली, वासा कुठे कुजला, कौल कुठले सरकले, अंगण किती वाहून गेले हे सारे पाहून घर पुन्हा उभे करायचे आणि मग त्या उभ्या केलेल्या घरापुढे पणती लावायची. दिवाळीच्या रंगरंगोटीला आपण सणाची हौस समजतो. तिच्या मुळाशी घर टिकवण्याची निकड आहे, आणि त्या निकडीलाही एक इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही, एवढेच.

आपला प्रदेश या अभ्यासाला मोठा सोयीचा आहे. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. घाटमाथ्यावर मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीला पाऊस मोजायचा नसतो, सोसायचा असतो. बेळगाव शहरात तोच पाऊस पन्नास इंचांवर येतो आणि पूर्वेकडे अथणी-रायबागला पोहोचेपर्यंत वीस-पंचवीस इंचांवर उतरतो. शे-सव्वाशे मैलांच्या पट्ट्यात घराचे रूप त्याप्रमाणे बदलत जाते. पश्चिमेला उतरत्या छपरांची, लांब वळचणींची घरे. पूर्वेला सपाट मातीच्या धाब्यांची, ज्यांना आपण माळवद म्हणतो आणि कन्नडमध्ये ‘माळिगे’ म्हणतात. खानापूरच्या माणसाला अथणीचे धाबे वेडेपणाचे वाटेल आणि अथणीच्या माणसाला खानापूरचे उंच छप्पर उधळपट्टीचे. दोघेही आपापल्या पावसापुरते शहाणे आहेत.

धाब्याच्या घरांची पावसानंतरची कामे थोडी. धाब्यावर उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, कारण मूळ आत राहिले तर पुढच्या वर्षी त्याच वाटेने पाणी उतरते. पन्हळीच्या तोंडाशी साचलेली माती काढायची. भेगा दिसल्या तर गावाच्या पांढरीतली माती आणून थापायची. जुन्या वस्तीच्या जागेची ही राखट माती पाणी सहसा आत घेत नाही, हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेले नाही. ही मंडळी खरी मेहनत करतात ती वैशाखात.

घाटाकडच्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे पावसाआधी घराला कपडे घालावे लागत. आजच्या मुलांना हे सांगितले की ती हसतात, पण दुसरा शब्द नाही. कोकणात आणि गोव्यात माडाच्या झावळ्या विणून झाप करीत आणि पश्चिमेकडच्या, झड लागणाऱ्या भिंतींना ते उभे बांधीत. माड नसलेल्या घाटमाथ्यावर गवताच्या किंवा भाताच्या काडाच्या तट्ट्या असत. भिंत मातीची असो की जांभ्याची, सरळ कोसळणाऱ्या पावसाने तिचे फारसे बिघडत नाही, कारण वळचण तिला राखते. तिला मारतो तो वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस. झाप तो मार स्वतः खातात, काळे पडतात, कुजतात, आणि नवरात्राच्या सुमारास सोडवून खताच्या खड्ड्यात जातात. झाप सोडले की घरात एकदम उजेड येतो. चार महिने अंधारात बसलेली ओटी पुन्हा दिसू लागते. पावसाळा संपला ही गोष्ट पंचांगाआधी घराला कळत असे ती अशी.

गवत-काडाच्या या वापराला एक भीतीही चिकटलेली होती, आगीची. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले १६७० नंतरच्या दशकातले पत्र शाळेत आपण सर्वांनी वाचलेले असते. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, या आशयासाठी आपण ते शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेल्या गवताविषयी केवढी बारीक काळजी आहे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. कोणी विस्तव करील, कोणी तंबाखू ओढील, जळती वात उंदीर पळवून नेईल आणि साऱ्या गंजी जळून जातील, असा इशारा राजाने स्वतः दिला आहे. उंदरापर्यंत विचार करणारा राज्यकर्ता गवताच्या छपराखाली राहणाऱ्या माणसांना ओळखत होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दुर्गप्रकरणात हीच नजर आहे. तटबंदीत उगवलेली झाडे वरचेवर कापावीत, तटाचे व तटाखालचे गवत काढून टाकावे, अशा सूचना तिथे आहेत. पावसाळ्यात भिंतीच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप हिवाळ्याच्या तोंडाशी बोटाने उपटता येते. दोन वर्षे थांबलात तर कोयता लागतो, आणि दहा वर्षे थांबलात तर भिंतच उतरवावी लागते. आज सीमाभागातल्या कितीतरी गढ्या, वाडे आणि किल्ल्यांचे तट पिंपळाच्या मुळांनी उकललेले आपण पाहतो. शत्रूच्या तोफांना जे साधले नाही ते एका दुर्लक्षित रोपाने साधले, असे म्हणायला हरकत नाही.

आता भिंतीकडे वळू. गरिबाघरी कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्याला शेणमातीचा गिलावा, मध्यमवर्गाकडे मातीच्या जाड भिंती, आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे जांभ्याचे चिरे. जांभ्याला शास्त्रीय जगात नाव मिळाले तेही आपल्याच किनारपट्टीच्या आसपास. फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कॅनरा आणि मलबार या प्रदेशांतून फिरला. मलबारात अंगाडिपुरम येथे त्याने पाहिले की हा दगड जमिनीत असताना मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. विटेसारखा उपयोगी म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. आपल्या गवंड्यांना ही गोष्ट शतकानुशतके ठाऊक होती, फक्त त्यांनी ग्रंथ छापला नाही.

पण जांभा हवेत कठीण होतो हे अर्धे सत्य आहे. तो सच्छिद्र असतो. वर्षानुवर्षे उघड्यावर पाऊस खात राहिला की त्याच्यातली मऊ माती धुपून जाते आणि चिऱ्याची चाळण होते. म्हणून जुने लोक त्यावर चुन्याचा गिलावा देत आणि दरसाल वरून चुना फासत. याचे सर्वांत मोठे उदाहरण जुन्या गोव्यात उभे आहे. बॉम जेझूस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती पूर्ण झाली. साडेतीन शतके तिच्या जांभ्याच्या भिंती गिलाव्याखाली होत्या. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या सुमारास, जुनेपणा खुलून दिसावा म्हणून तो गिलावा काढून टाकण्यात आला. आज लाखो प्रवासी त्या तांबूस भिंतीची छायाचित्रे काढतात आणि ही वास्तू मुळातच अशी होती असे समजून घरी जातात. दरम्यान तो जांभा झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर गेल्या काही वर्षांत जाणकारांत चांगलाच वाद झडला आहे. माझे मत विचाराल तर भिंतीचे कातडे काढून तिला सुंदर म्हणणे मला पटत नाही.

चुन्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या साऱ्या व्यवहाराचा प्राण तोच होता. घाटावर चुनखडीचा आणि किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजीत. भट्टीत सुमारे नऊशे अंश उष्णता मिळाली की चुनखडीतला कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो, फुलतो. ज्यांनी लहानपणी अंगणातल्या पिंपात चुना विझताना पाहिला आहे त्यांना तो सूं-सूं आवाज आणि “लांब उभे राहा रे” ही आजोबांची हाक आठवत असेल. विझलेला चुना जितके दिवस पाण्याखाली मुरेल तितका चांगला. मग तो गाळून, त्यात थोडे मीठ, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून भिंतीला देत. केवड्याच्या पारंब्या ठेचून केलेला कुंचा त्याला उत्तम.

भिंतीवर दिलेला चुना पहिल्या दिवशी विटका दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजळतो. हा चमत्कार साधा आहे. ओला चुना हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीवर पातळ दगड लावत असतो. मात्र ही क्रिया सावकाश व्हावी लागते आणि तिला ओल लागते. चैत्राच्या उन्हात चुना दिला तर पाणी आधी उडते, चुना दगड होण्याआधीच वाळतो, आणि भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो. भर पावसात द्यायचा प्रश्नच नाही. पाऊस थांबलेला आहे, भिंतीत थोडी ओल आहे, ऊन मवाळ आहे, असे दिवस वर्षात एकदाच येतात आणि ते दसरा-दिवाळीच्या मध्ये येतात. रंगकाम आश्विनातच का, याचे उत्तर सणाच्या आधी चुन्याने दिलेले आहे.

शिवाय चुना जहाल. चार महिन्यांत भिंतीवर चढलेले शेवाळ आणि फटींत शिरलेले किडे त्याच्यापुढे टिकत नाहीत. म्हणून आधी नारळाच्या सोडणाने भिंत घासायची, पाण्याचा हबका मारायचा आणि मग पहिला हात. बारीक भेगा चुन्याच्या निवळीनेच भरून येतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकदा एका पडक्या घराच्या भिंतीचा पोपडा आणून दाखवला होता. भिंगाखाली त्याच्या कडेला थर मोजता येत होते, एकावर एक पन्नासाच्या वर. झाडाच्या खोडातल्या वर्षवलयांसारखे ते एका कुटुंबाचे आश्विन होते. मध्येच एका ठिकाणी निळसर थर, एका ठिकाणी फिका गुलाबी. कोणाचे तरी लग्न असावे, असे एक मुलगी म्हणाली. इतिहासाच्या तासाला यापेक्षा चांगले उत्तर मी क्वचित ऐकले आहे.

गिलाव्याचा चुना याहून निराळा. वाळू घालून, बैलाच्या घाणीत दळून तो तयार होई. गडांवर चुन्याच्या घाण्यांची वर्तुळे आपण पाहिली असतील. गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर अशा वस्तू त्यात घालीत. त्यातल्या काहींमुळे गिलावा सावकाश आवळतो तर काहींमुळे चिवट होतो. प्रत्येक गवंड्याचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येकाचे गुपित. ती गुपिते बहुतेक त्यांच्याबरोबरच गेली.

गोव्यात या बाह्यांगाला रंगांचे वेगळेच प्रकरण जोडलेले आहे. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपला की दरसाल घर बाहेरून रंगवण्याचा दंडक होता आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असे तिकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पांढऱ्या चर्चशेजारी निळी, पिवळी, तांबडी घरे असे जे चित्र सासष्टी-बार्देशमध्ये दिसते, त्याचा उलगडा लोक याच आठवणीने करतात. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी पातळ तुकडे बसवीत. उजेड आत येई पण ऊन आणि झड बाहेर राही. वसईकडेही ही चाल होती. काच स्वस्त झाली आणि शिंपले मागे पडले.

हिंदूंच्या देवळांवर आणि जुन्या घरांवर दिसणारी कावी कला याच चुन्याची लेक. कावेची, म्हणजे जांभ्याच्या तांबड्या मातीची, चुन्यात घोटलेली लाल पूड ओल्या पांढऱ्या गिलाव्यावर चढवायची आणि ती ओली असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा दाखवायचा. वेली, मोर, देवदेवता अशी तांबडी-पांढरी चित्रे. गोव्यापासून कारवार, अंकोला, कुमठ्यापर्यंत आणि इकडे सावंतवाडीकडेही ती आढळतात. रंग वरून लावलेला नसून गिलाव्यातच मुरलेला असल्यामुळे तो पावसाला दाद देत नाही. अलीकडे जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा भिंती फोडून तिथे चकचकीत फरश्या बसवल्या जातात. देव काही बोलत नाही. भक्तांनी तरी बोलावे.

या कामांच्या शब्दांकडे पाहिले की आपण कुठल्या चौकात राहतो ते कळते. चुना हा संस्कृत ‘चूर्ण’चा वंशज, आणि शेजारच्या कन्नड घरातला ‘सुण्ण’ही त्याचाच भाऊ. ‘गिलावा’ फारसीतून आला, ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गेरू ‘गैरिका’तून. तांबड्या रंगाची ‘हुरमुंजी’ इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाचे नाव अजून सांगते. त्या बेटाची मातीच तांबडी आहे. आपण बसतो तो कट्टा, कन्नडमधली ‘कट्टे’. गोव्यातला ‘बाल्कांव’ आणि ‘जनेल’ पोर्तुगीज. एका घराच्या दर्शनी भिंतीवर इतक्या भाषा वाळत घातलेल्या असतात. आमच्या भागात गवंडी मराठीत मोजतो, बिगारी कन्नडमध्ये हसतो आणि दोघे मिळून भिंत सरळ उभी करतात.

छपराचा इतिहास मात्र गेल्या दीडशे वर्षांत पार उलटापालटा झाला. पूर्वी गवत नाही तर नळीची कौले. कुंभार चाकावर निमुळती नळी चढवी, अर्धवट वाळली की उभी चिरून तिचे दोन भाग करी आणि आव्यात भाजी. ही कौले हलकी आणि सुटी. वारा, मांजरे आणि विशेषतः माकडे त्यांची दरसाल वाट लावीत. म्हणून वैशाखात सारे छप्पर चाळून, फुटकी कौले काढून नव्याने बसवावे लागे. यालाच घर शाकारणे म्हणतात. पाऊस संपल्यावर पुन्हा एकदा चढून आढे पाहायचे, कारण हिवाळ्यात सुगीचे धान्य माळ्यावर येणार असते.

फ्रान्समधल्या आल्साससारख्या दूरच्या प्रांतात आल्टकिर्श गावी जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या, खाचांच्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडमधले बासेल शहर जवळच आहे. तिथल्या बासेल मिशनने धर्मांतरितांना रोजगार मिळावा म्हणून मंगळुरात विणकाम, छपाई असे उद्योग काढले होते. त्यात १८६५ साली जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनच्या जर्मन कारागिराच्या पुढाकाराने नेत्रावतीच्या काठी, जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू झाला. नदीकाठची उत्तम चिकणमाती, जवळच जंगलचे सरपण आणि दारात बंदर. तीन गोष्टी एकत्र आल्या आणि मंगळुरी कौल जन्मले. लवकरच इतरांनीही तिथे कारखाने काढले.

हे कौल आपल्याकडे पोहोचले ते पाण्याच्या वाटेने. मचव्यांतून, फत्तेमारीतून ते मुरगाव, वेंगुर्ला, रत्नागिरीला उतरे. वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून बैलगाडीने बेळगावला येई. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर कॅसलरॉकमार्गे रेल्वेने घाटमाथ्याला जोडले गेले आणि लोंढ्याच्या बाजूने माल येणे सोपे झाले. खानापूरची माती मुळातच चांगली, त्यामुळे पुढे तिथेही कौलांचे आणि विटांचे कारखाने उभे राहिले. एका ब्रासला साधारण दीडशे कौले पुरतात. नळीची कौले याच्या कितीतरी पट लागत. छप्पर सरळ, नेटके आणि माकडांना जरा अवघड झाले. दरसाल शाकारण्याचे काम दोन-चार कौले बदलण्यावर आले.

गमावले ते कुंभारांनी. गावोगावच्या आव्यांची मुख्य कमाई कौलांची होती. ती गेल्यावर मडकी आणि चुली एवढेच त्यांच्या हाती उरले, आणि नंतर ॲल्युमिनिअमने तेही नेले. सुधारणेच्या इतिहासात ही ओळ सहसा लिहिली जात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अंगणाचे काम सर्वांत शेवटी येई, आणि ते बहुतेक बायकांचे. पावसाने उकरलेले, गवत माजलेले अंगण खणून, सपाट करून, पाणी शिंपडून चोपायचे. कोकणात यासाठी पेटणे नावाचे लाकडी हत्यार असते. बायका ओळीने बसून चोपत मागे सरकत जात आणि त्या तालावर गप्पा चालत. मग शेणाचे सारवण. शेणातले तंतू माती धरून ठेवतात आणि धूळ उडू देत नाहीत. याच अंगणात पुढे खळे होई, भात झोडले जाई, मिरच्या आणि पापड वाळत. सिंधुदुर्गाकडे पोफळीचे खांब पुरून, वर झावळ्या घालून मांडव उभा राही तोही याच दिवसांत. बलिप्रतिपदेला आमच्या दारात शेणाच्या गवळणी आणि शेजारच्या कन्नड घरी शेणाचे पांडव मांडले जात. बोलणी वेगळी, शेण एकाच गोठ्यातले.

सिमेंटचा काळ इथे कसा आला हे सांगायला हवे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमधले, १८२४ सालचे. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली त्याचे उत्पादन नियमितपणे सुरू झाले. ते वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. धरणे, पूल, शाळा त्यानेच बांधल्या. पण मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही जोडी जमत नाही, आणि गेल्या चाळीस वर्षांत आपण हीच जोडी घरोघर लावली. मातीची भिंत खालून ओल घेते आणि चुन्याच्या वाटेने ती बाहेर सोडते. वर सिमेंटचे पक्के कवच आणि त्यावर तेलरंग चढला की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत तुकतुकीत दिसते, आतून माती चिखल होत जाते. माझ्या एका नातेवाइकांच्या घराची पश्चिमेची भिंत अशीच होती. सात-आठ वर्षे सारे तिचे कौतुक करीत. एका कार्तिकात तिने पोट काढले, आणि गवंड्याने कवच फोडले तेव्हा आतली माती हाताने ओढता येत होती. दरसाल चुना देणाऱ्या घरात कुंचा फिरवणाऱ्याचा हात भिंतीच्या प्रत्येक वितीवरून जातो आणि पोकळी, फुगवटा, वाळवी त्याला कळते. दहा वर्षांच्या हमीचा रंग लावला की दहा वर्षे भिंतीला कोणी हात लावत नाही.

ही केवळ सौंदर्याची चर्चा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली, त्यांत मातीच्या भिंतींची घरे फार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावी पावसाने भिजलेले घर कोसळून सात माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. महिना ध्यानात घ्यावा. पाऊस ओसरण्याच्या सुमारास जड झालेल्या भिंती बसतात. ज्या पंधरवड्यात जुनी माणसे भिंतीवर हात फिरवत घराभोवती चक्कर मारीत, तोच हा पंधरवडा. पायाशी माती ढासळली आहे का, भिंतीला आडवी भेग आहे की उभी, वळचणीचे पाणी पायातच मुरते आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. जुने घर ज्यांच्याकडे अजून उभे आहे त्यांनी आकाशकंदील टांगण्याआधी एवढे पाहावे, ही विनंती.

जाता जाता कौलांविषयी एक गोष्ट राहिली. जुनी मंगळुरी कौले उतरवलीत तर ती भंगारात देण्याआधी पाठ पाहा. तिथे कारखान्याचे नाव आणि पुष्कळदा एक साल उठवलेले असते. आमच्या शाळेतली मुले अशी कौले घेऊन येतात आणि “सर, हे १८६५ चे” म्हणून आनंदाने दाखवतात. ते साल कारखाना सुरू झाल्याचे असते, कौलाच्या जन्माचे नव्हे, हे मला दरवर्षी नव्याने सांगावे लागते. खरी खूण नावात असते. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रूपक्षाची म्हणून इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. त्यामुळे ‘बासेल मिशन’ असेल तर कौल बहुधा त्या युद्धाच्या आधीचे आणि ‘कॉमनवेल्थ’ असेल तर नक्की नंतरचे. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने आपल्या गोठ्याच्या एकाच पाखीवर दोन्ही नावे शोधून काढली. दोन्हींच्या मधोमध एक काचेचे कौल होते. ते कधीचे, असे त्याने विचारले. त्यावर नाव नव्हते. आता तो आजीला विचारतो आहे.